वैद्यकीय विद्यार्थ्याचा लॅपटॉप

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला की घरात दोन वस्तूंची चर्चा सुरू होते. एक पांढरा एप्रन आणि दुसरी लॅपटॉप. पहिलीची किंमत कोणास जड वाटत नाही. दुसरीसाठी मात्र पुष्कळ घरांत कर्ज काढावे लागते. आणि ‘डॉक्टरकीचा अभ्यास’ हे शब्द कानी पडताच दुकानदार बहुधा सर्वांत महाग यंत्र पुढे ठेवतो. ते खरोखर आवश्यक आहे काय, हे ठरवावयाचे तर यंत्राकडून कोणते काम करून घ्यावयाचे, ते आधी पाहिले पाहिजे.

सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टीचेच उदाहरण घेऊ. शरीरातील ऊतींचा पातळ काप रंगवून आता त्याचे संपूर्ण चित्र यंत्राने टिपता येते. एका चित्रबिंदूत पाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चार हजारावा भाग, या मापाने १५ मिलिमीटर लांबरुंद काप टिपला, तर प्रत्येक बाजूस ६०,००० आणि एकंदर ३६० कोटी बिंदू होतात. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर एका वेळी सुमारे २१ लाख बिंदूच मावतात, आणि वाचक जेवढा भाग पाहतो तेवढ्याचेच तुकडे संगणक मागवून घेतो. सीटी स्कॅनचीही तीच गोष्ट. ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा एक छेद सुमारे अर्धा मेगाबाइट, म्हणजे तीनशे छेद १५० मेगाबाइट. १६ गिगाबाइट स्मृती असलेल्या साध्या यंत्रास हे ओझे नव्हे.

काचपट्टीच्या बाबतीत खरा प्रश्न वेगाचा नसून रंगाचा आहे. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळसर जांभळी होतात, इओसिनने भोवतालचा पेशीद्रव गुलाबी होतो. आणि या दोन रंगांतील सूक्ष्म भेद ओळखणे हाच तर अभ्यास. हलक्या पडद्यावर हे रंग फिके पडतात, किंचित बाजूने पाहिले तर बदलतात. यास्तव दुकानात पडदा तिरका करून पाहावा. वेगवान प्रक्रियकावरील पैसे वाचवून ते पडद्यावर घालणे केव्हाही श्रेयस्कर.

डोळ्यानंतर कान. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लॅनेक या वैद्याने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीस लावली आणि हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकले. स्टेथॉस्कोपचा जन्म तेथला. आज विद्यार्थी हृदयध्वनींचे नमुने लॅपटॉपवर ऐकतो, आणि येथेच फसतो. हृदयविकारात कधी कधी उमटणारा तिसरा ध्वनी फार खर्जातला असतो: सेकंदास सुमारे २० ते ७० कंपने. लॅपटॉपचे इवलेसे ध्वनिक्षेपक मात्र दोनशे कंपनांच्या खाली जवळजवळ मुके होतात. नमुन्यात ध्वनी आहे, पण खोलीत तो उमटतच नाही. आणि बिचारा विद्यार्थी समजतो की आपलाच कान अधू. कान पूर्ण झाकणारा, खर्जाचे स्वर नीट देणारा हेडफोन ही म्हणूनच चैन नव्हे. साधनांच्या यादीत मी तिला पहिले स्थान देईन.

लेखणीने पडद्यावर आकृती काढण्याची टॅबलेटची सोय मोहक आहे खरी; पण खांद्यातील मज्जातंतूंचे जाळे दहा वेळा काढावयास कागद आणि रंगीत पेन्सिली तितक्याच उपयोगी पडतात. बॅटरीचा हिशेब सोपा आहे: ५० वॉट-तासांची बॅटरी ८ वॉट खर्चाने सुमारे सहा तास चालते. खेळांसाठी बनविलेली यंत्रे याहून कितीतरी अधिक वीज खातात, आणि त्यांचा चार्जरच कधी अर्धा किलो भरतो. वसतिगृह, वर्ग आणि वॉर्ड यांमध्ये ते ओझे रोज वाहावयाचे असते.

नोंदींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी. रुग्णांची छायाचित्रे वा क्ष-किरण चित्रे मात्र त्यांच्या संमतीवाचून आणि रुग्णालयाच्या परवानगीवाचून स्वतःच्या यंत्रात मुळीच ठेवू नयेत. विच्छेदनगृहात तर लॅपटॉप नेऊच नये. मोजे घातलेल्या हातांनी एकदा कळा दाबल्या की तेथील द्रव्ये त्याच कळांवरून रात्री जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतात.