सात मात्रा आणि गिटार

संगीतांत मिश्रण झालें कीं आमच्या वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. अंजनगांवच्या देवनाथ मठांतील भजनें ऐकत वाढलेल्या घरांत नातवानें गिटार आणावी, आणि तिच्यावर ग्रीसच्या उत्तरेकडील बाल्कन मुलखांतील लोकगीतें अमेरिकन जॅझच्या थाटांत वाजवावीं, म्हणजे 'हें काय कडबोळें!' असे उद्गार निघावयाचेच. परंतु निकाल देण्यापूर्वीं वाचकांनीं हातानें टाळी धरून पाहावी.

मॅसिडोनियांत 'लेस्नोतो' नांवाचें एक संथ नृत्य आहे. त्याच्या आवर्तनांत मात्रा सात, विभाग तीन-दोन-दोन. आपला रूपक तंतोतंत असाच! शेजारच्या बल्गेरियांतील 'राचेनित्सा' मात्र दोन-दोन-तीन, आणि इतका द्रुत कीं सात मोजणें अशक्य. नाचणारा मोजीत नाहींच. तो दोन आंखूड पावलें टाकतो व एक लांब. संस्कृत छंद शिकलेल्यास येथें लघु-गुरु आठवतील. मात्र आपला गुरु लघूच्या दुप्पट, तर त्यांचा दीडपट. त्या दीडपटींतच सारा डौल आहे.

जॅझ म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं घडविलेलें, ऐनवेळीं विस्तार करीत जाणारें संगीत. त्याच्या वादकास बहुधा चार मात्रांची संवय. त्यानें साताच्या ओढून आठ केल्या कीं गाणें मेलें. तेव्हांच्या युगोस्लाव्हियांतील स्कोप्ये शहरीं १९७६ सालीं निघालेल्या 'लेब इ सोल', म्हणजे 'भाकर आणि मीठ', या वाद्यवृंदानें तें होऊं दिलें नाहीं. त्यांतील व्लात्को स्तेफानोव्स्की यांची गिटार विजेची, विस्तार जॅझचा, पण पाऊल गांवच्या नाचाचें. पुढें १९९८ च्या 'क्रुशेवो' या ध्वनिमुद्रिकेंत त्यांनीं मिरोस्लाव तादिच यांच्यासह केवळ दोन गिटारींवर लोकगीतें वाजविलीं. आम्हांस हींच अधिक रुचतात. विजेचा गोंगाट नाहीं.

आपल्याकडील दाखला शोभा गुर्टू यांच्या घरचा. १९२५ सालीं बेळगांवीं जन्मलेल्या या ठुमरीगायिकेचे चिरंजीव त्रिलोक तबला शिकून जॅझकडे वळले व पुढें जॉन मॅक्लॉफ्लिन या गिटारवादकाच्या त्रयींत तालवाद्यें वाजवूं लागले. त्यांच्या १९८८ च्या 'उस्फ्रेत' या ध्वनिमुद्रिकेंत त्या परक्या मेळ्यांत आईचा आवाज आहे, आणि तो आपल्याच गायकीचा आहे.

आणि आपलें नाट्यसंगीत तरी कोठें सोंवळें होतें? १८८२ च्या 'सौभद्रां'त कर्नाटकी चाली आल्या. पेटी तर विलायतेहूनच आली.

तेव्हां नातवास आधीं रूपकाची टाळी द्यावयास सांगावें. त्याची सम खालीवर येते हें त्यास ठाऊक नसल्यास आजोबांनीं शिकवावें, आणि मग गिटार ऐकावी.