न्हावा शेवाचे प्लास्टिक आणि गल्लीतल्या बाटलीचा भाव

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. देशाच्या कंटेनर वाहतुकीचा मोठा वाटा उचलणाऱ्या या बंदरात प्लास्टिकचा कोरा दाणा उतरतो. परदेशांनी वापरून टाकलेले प्लास्टिकही येथे उतरत आले. सीमाशुल्काच्या दप्तरी दोहोंचे क्रमांक निराळे आहेत. दाण्याची शीर्षके ३९०१ पासून सुरू होतात, तर कचरा ३९१५ मध्ये मोडतो. कागदावर स्पष्ट असलेली ही सीमारेषा कंटेनर उघडल्यावर मात्र धूसर होते. धुऊन बारीक केलेल्या चकत्यांना कच्चा माल म्हणावे की कचरा, हा वाद तेथे सुरू होतो.

चीनने जानेवारी २०१८ पासून बहुतेक प्लास्टिक कचरा घेणे थांबविले आणि पाश्चात्त्य देशांचा माल दक्षिण व आग्नेय आशियाकडे वळला. भारताने २०१६ च्या नियमांनी अशा आयातीस मनाई केली होती. तथापि विशेष आर्थिक क्षेत्रांना दिलेली मुभा १ मार्च २०१९ च्या दुरुस्तीने काढून घ्यावी लागली.

बंदरावर काय उतरते याच्याशी शहरातील नागरिकाचा संबंध काय? परदेशी गठ्ठा बहुधा एकाच जातीचा आणि घाऊक असतो. आपल्या कचराकुंडीतली बाटली मात्र उष्ट्या अन्नात लडबडलेली असते. पुनर्प्रक्रिया करणारा उद्योजक साहजिकच पहिला माल पसंत करतो, भंगाराचा दर घसरतो आणि ही घसरण शेवटी गोणी घेऊन फिरणाऱ्या महिलेच्या पदरी पडते. खनिज तेल स्वस्त झाले, की कोरा दाणाही स्वस्त होतो. तेव्हाही हेच घडते.

या महिलेच्या श्रमाचा हिशेब प्रथम मांडणाऱ्यांत पुण्याच्या अभ्यासकांचे नाव घ्यावे लागेल. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. २००१ मध्ये या दोघींनी सहकाऱ्यासह आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पुण्यातील भंगार व्यवसायाची पाहणी केली. प्रत्येक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपयांचे श्रम शहराला फुकट देतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द तेव्हा आपल्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता. ते चक्र मात्र फिरत होते! पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली.

दर मिळतो तोच माल उचलला जातो, हे या व्यवसायाचे साधे गणित. पाण्याची बाटली रस्त्यावर फार वेळ टिकत नाही. वेफर्सचे चकचकीत बहुस्तरीय पाकीट मात्र गटारात जाते. केंद्राने २०२२ मध्ये उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकली आणि कडक वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक असावे, असे ठरविले. अशा मागणीमुळे भंगाराला खात्रीचा दर मिळू शकतो. अडचण हिशेबाची आहे. पुनर्प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र नोंदणीकृत कारखाना देतो आणि उत्पादक ते विकत घेतो. माल वेचणारी महिला या व्यवहारात कोठेच नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२३ मधील तपासणीत गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांची सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे आढळली.