तैगाच्या जंगलात पेरणी कोण करतं?

सुक्या मेव्याच्या दुकानात चिलगोजे मिळतात, ते आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. हिमालयातल्या एका पाईन झाडाच्या त्या बिया. त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या एका झाडाची माहिती आज घेऊ या. हे झाड रशियात, सायबेरियातल्या तैगा जंगलात वाढतं.

तैगा म्हणजे उत्तरेकडचं थंडीचं अफाट जंगल. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. उन्हाळा अगदी थोडा. दरवर्षी सगळी नवी पालवी काढणं पाईनला परवडत नाही, म्हणून तो आपली सुईसारखी पानं काही वर्षं टिकवून धरतो.

बऱ्याच पाईनच्या बियांना पंख असतो. त्या वाऱ्यावर उडतात आणि लांब जाऊन रुजतात. सायबेरियन पाईनची बी मात्र जड आणि बिनपंखी. ती ज्या खवलेदार शंकूत असते, तो शंकूही झाडावर आपोआप उघडत नाही. मग पेरणी करतं कोण?

ते काम करतो नटक्रॅकर. हा कावळ्याच्या कुळातला पक्षी, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. चोचीने शंकू फोडून तो बिया जिभेखालच्या पिशवीत भरतो आणि थोड्या थोड्या करून शेवाळात, मातीत पेरभर खोल पुरतो. ही त्याची हिवाळ्याची बेगमी. पुष्कळ जागा त्याच्या लक्षात राहतात, पण काही बिया तशाच उरतात. त्याच रुजतात.

याच बियांवर खारी जगतात, आणि अस्वलं हिवाळ्याच्या झोपेआधी अंगावर चरबी चढवतात. माणसंही त्या गोळा करतात, खातात, विकतात, त्यांचं तेल काढतात. शंकू पाडायला काही जण खोडावर लाकडी मोगरी हाणतात. त्याने साल जखमी होते. जंगलात या झाडाला शंकू धरायला पन्नासेक वर्षं लागतात. म्हणजे एक मोठं झाड गेलं, तर त्याची जागा भरायला दुसरी पिढी यावी लागते.

आपण कणगीतलं सगळं धान्य दळत नाही, बियाण्याचं आधी बाजूला काढतो. तैगात ते बाजूला काढणारा हा पक्षीच. सगळे शंकू माणसानेच नेले, तर त्याने पुरायचं काय?