पदकाच्या कडेवरचे नाव

‘आमचे पणजोबा दोन्ही महायुद्धांत होते.’ नागपूर-कामठीकडच्या एखाद्या घरात हे वाक्य कानावर पडते. कोणत्या पलटणीत, कोठे, केव्हा, असे विचारले की बोलणे थांबते. भिंतीवर फोटो असतो, ट्रंकेत पदक असते; कागद मात्र नसतो. त्या न सापडणाऱ्या कागदामागेही एक इतिहास आहे. महार पलटणींच्या उदाहरणावरून तो स्पष्ट होतो.

कोरेगावच्या १८१८च्या लढाईतील महार शिपायांची नावे तेथील जयस्तंभावर कोरलेली आहेत. तरीही १८९०च्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या धोरणाने महारांना लष्कराचे दार बंद झाले. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहिले. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली. १९२१मध्ये ती मोडलीही. डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर १९४१मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी झाली. युद्धानंतर १९४६मध्ये तिचे केंद्र कामठीला आले. आज ते मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

म्हणजे मध्ये वीस वर्षे पलटणच नव्हती. पणजोबा खरोखर दोन्ही युद्धांत असतील, तर त्यांची सलग नोकरी शोधणे व्यर्थ. ती दोन वेगळ्या भरत्या, दोन शिपाई-क्रमांक आणि दोन ठिकाणचे कागद असण्याचीच शक्यता अधिक. शिवाय १९१७चा विशीतला रंगरूट १९४१मध्ये चाळिशी ओलांडलेला असणार. त्यामुळे दुसऱ्या युद्धात गेले ते पणजोबा की त्यांचा मुलगा, हे आधी वयावरून ताडून पाहावे. घरच्या आठवणीत बाप-लेक एक होऊन जातात.

शोधाची सुरुवात पदकापासून करावी. ते चिंचेने किंवा रांगोळीने घासू नये. कडेवरची अक्षरे झिजतात. पहिल्या युद्धाच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’च्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तिरप्या उजेडात भिंगाने ती वाचावी. हे पदक लढणाऱ्या शिपायाला चांदीचे मिळे. मजूर तुकड्यांतील माणसांना काशाचे. काशाचे निघाले तर हिरमुसू नये. पणजोबा बंदुकीऐवजी फावडे घेऊन समुद्रापार गेले असतील, इतकेच.

दुसऱ्या युद्धाच्या पदकांतून रणक्षेत्र कळते. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार ही नावेच बोलकी आहेत. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ देशातील दीर्घ नोकरीसाठी होते. महार बटालियनींचा बराच काळ वायव्य सरहद्दीवर आणि अंतर्गत बंदोबस्तात गेला. त्यामुळे घरच्या गोष्टीत ‘जर्मनीशी लढले’ असे असेल, तर ती पदकांशी पडताळून घ्यावी.

पलटण कळली की तिची वॉर डायरी पाहावी. पहिल्या युद्धात परदेशी गेलेल्या पलटणींच्या अशा डायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. त्यांत साध्या शिपायाचे नाव क्वचितच भेटते, पण पलटण त्या दिवशी कोठे होती ते कळते. युद्धात मरण पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी संगणकावर विनामूल्य पाहता येते. आडनाव नसेल, स्पेलिंग भलतेच असेल, असे धरूनच शोधावे. बापाचे नाव आणि गाव यांची खूण अधिक भरवशाची. दुसऱ्या युद्धातील नोकरीसाठी रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला क्रमांकासह पत्र लिहावे. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी.

इराकमधील बसरा स्मारकावर पहिल्या युद्धातील भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी. ज्यांची गणती झाली पण नावे राहिली, त्यांतले एखादे नाव आपल्या ट्रंकेतल्या पदकाच्या कडेवर असू शकते. या दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उघडाल, तेव्हा ते वाचा. आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून फोटोच्या मागे नाव, बापाचे नाव आणि गाव पेन्सिलीने लिहून ठेवा.