दोन रेघांच्या मधला समुद्र

भरवीर हे इगतपुरी तालुक्यातलं गाव. समृद्धी महामार्गावरच्या या गावापासून पालघर जिल्ह्यातल्या तवा गावापर्यंत सुमारे १०५ किलोमीटरचा मालवाहू महामार्ग राज्य सरकारने मंजूर केला आणि नाशिकमध्ये जो तो म्हणू लागला, समुद्र आपल्या दारात आला. समृद्धी डहाणूच्या किनाऱ्यावर होणाऱ्या वाढवण बंदराला जोडली जाणार, कांदा आणि द्राक्षं झटपट जहाजात चढणार. आमच्या सोसायटीच्या सभेत पेढे वाटले गेले. माझ्याही हातावर पेढा आला. मला तो खाता आला नाही.

द्राक्षवाल्यांचा आनंद मला कळतो. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. गारपिटीने झोपलेली बाग आणि तिच्या बांधावर बसलेले वडील मी पाहिले आहेत. बंदर जवळ आलं तर शेतकऱ्याचे चार पैसे वाचतील, हेही खरं. मला लागलं ते पेढे वाटणाऱ्याचं सहज म्हटलेलं वाक्य : "तिथे तसंही काय होतं? नुसता चिखल." त्या चिखलाच्या काठावर मी दहा वर्षं काढली. त्यांचाच हा मागोवा.

त्याआधीच्या वर्षांत सांगण्यासारखं फारसं नाही. बी.एड. झालं, दोन शाळांत तात्पुरत्या नोकऱ्या झाल्या आणि दर एप्रिलला 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर ऐकलं. १९९४च्या जूनमध्ये डहाणू तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका शाळेत भूगोलाची जागा मिळाली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत एसटीने घाट उतरले, ती २००४ साली परत वर आले.

पहिल्याच महिन्यात नववीला भरती-ओहोटीचा धडा होता. फळ्यावर पृथ्वी, चंद्र, सूर्य काढले, बाण काढले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, आज पाणी कधी उतरणार?" मला सांगता येईना. त्यानेच सांगितलं : तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. चतुर्थी असेल तर तीनला पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून सुरुवात. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ उधाण, तेव्हा पाणी लांबवर मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं आणि खालची जमीन उघडी पडत नाही. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, हे पुस्तकात होतं. त्याचा उपयोग काय, हे त्या मुलाकडे होतं.

हे सगळं तो आपल्या आजीकडून शिकला होता. मांगेला समाजातली ती बाई साठीच्या पुढची, मी त्यांना आजी म्हणायचे. पुढच्या उधाणाला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. डहाणूच्या किनाऱ्याला उधाणाचं पाणी साडेचार-पाच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. उतार इतका मंद की पाणी गेल्यावर नजर पोहोचेल तिथवर ओली जमीन चमकत राहते. कुठे काळा चिखल, कुठे वाळू, वाढवणच्या बाजूला शेवाळलेले खडक. मी पाय उचलला तो चप्पल आत राहिली. "बाई, पाय वर ओढायचा नाही. टाच फिरवायची, चिखल आपण होऊन सोडतो," आजी म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

मासा शोधायचा म्हणजे पाण्याचा रस्ता शोधायचा, हे मी त्यांच्या मागे चालून शिकले. खाडीतून तिवरांमध्ये शिरणारे चर आणि ओहळ वरून सारखेच दिसतात. भरतीचं पाणी आधी त्यांतून आत येतं, त्याच्याबरोबर बोय आणि कोळंबी चरायला वर चढतात. ओहोटी लागली की सगळ्यांना त्याच तोंडातून परत जायचं असतं. म्हणून पाणी वळण्याच्या क्षणी पाग घेऊन तोंडाशी उभं राहायचं. एका म्हाताऱ्या काकांना मी पाग फेकताना कितीदा पाहिलं असेल. जाळ्याची एक कड दातांत, उरलेलं कोपरावर, कमरेतून एक झोका, आणि कडेला शिशाचे मणी ओवलेलं ते जाळं पाण्यावर थाळीसारखं गोल पडायचं. मणी बुडाले की काका हळूहळू दोरी ओढत. घाई केली तर कड उचलते आणि बोय खालून निसटते.

चिंबोरीचं बीळ वेगळं, निवटीचं वेगळं. बिळाच्या तोंडाशी ताजा चिखल ओला असेल तर चिंबोरी आत आहे. मग सळईचा आकडा हलकेच आत, ती स्वतःच धरते. खडकांवर कालवं फोडायची, कपारींत शेवंड शोधायची. वाळूवर दोन बारीक भोकं दिसली की खाली शिंपला. वारा असेल तर उघड्या किनाऱ्यावर वेळ घालवायचा नाही, वाळूच्या दांड्याच्या आडोशाला, खाडीच्या आतल्या फाट्यांत जायचं. आषाढात समुद्र खवळून होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, तेव्हापासून नारळी पौर्णिमेपर्यंत या आडोशाच्या पाण्यावर घरं चालत.

हे काम मुख्यतः बायकांचं. त्याला होडी लागत नव्हती, डिझेल नाही, कर्ज नाही. टोपली, कोयती, आकडा आणि तिथीचा हिशेब पुरे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या वह्या आणि रेल्वेचे पास या टोपलीतून आले. नवरा गेलेल्या बाईला सासरी कुणी विचारलं नाही तरी ओहोटीने तिला नाकारलं नाही.

याच दहा वर्षांत डहाणूने मोठी लढाई लढली. जून १९९१ च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला होता, तरी खाडीच्या काठी ५०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला आणि १९९५ मध्ये चालू झाला. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला. त्यातून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालचं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, आणि १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने वाढवण बंदराचा तेव्हाचा प्रस्ताव नाकारला. बातमी आली त्या संध्याकाळी मी शाळेतून निघाले तर आजी खाडीच्या वाटेवर टोपली घेऊन भेटल्या. मी आनंदाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. चला, पाणी उतरतंय."

त्याच आठवड्यात मी एक लेख लिहून नाशिकच्या एका दैनिकाला पाठवला. घाटावरच्या वाचकाला खाडी समजावी म्हणून मनापासून लिहिलेला. तो परत आला. सोबत दोन ओळी होत्या : नाशिकच्या वाचकाचा खाडीशी काय संबंध? ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. आज त्याच शहरात समुद्र दारात आल्याचे मथळे छापले जातात. कंटेनर पाहिजे तेव्हा संबंध जुळतो, माणसं दिसायची असतात तेव्हा जुळत नाही. याचा राग सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत कमी झालेला नाही आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

नंतरची वर्षं नाशिकची. बदली, संसार, निवृत्ती. डहाणूची खबर पत्रांतून, मग फोनवरून येत राहिली. २०१५ मध्ये बंदराची गोष्ट पुन्हा निघाली. जानेवारी २०१९ मध्ये धर्माधिकारी गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला हिरवा कंदील दाखवला, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर, समुद्रात भराव १,४४८ हेक्टरचा. किनाऱ्यापासून फार लांब न जाता मोठ्या जहाजांना पुरेल अशी २० मीटरपर्यंतची नैसर्गिक खोली मिळते, म्हणून जागा वाढवणची. सगळा हिशेब खोल पाण्याचा. उथळ पाण्याच्या वाट्याला त्यात भराव आला. नुकसानीची बोलणी होतात ती होडीपासून सुरू होतात. जिच्याकडे होडीच नव्हती, फक्त टोपली होती, तिने आपलं काय गेलं हे कोणत्या कागदावर लिहायचं?

उथळ म्हणजे निरुपयोगी, असं नाशिककराने तरी म्हणू नये. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा गाळाने भरत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, आणि त्या गाळामुळेच तिथे परदेशातून पक्षी उतरू लागले. रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. तिकडे आपण दुर्बिणी घेऊन जातो, पाहुण्यांना अभिमानाने नेतो. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा गाळ आपल्याला संपत्ती वाटतो आणि डहाणूचा चिखल 'नुसता' चिखल. फरक एवढाच की नांदूरला पक्षी चरतात, डहाणूच्या चिखलावर माणसंही जगतात.

पुस्तकातल्या नकाशात किनाऱ्याची रेघ एकच असते. अलीकडे जमीन, पलीकडे निळं पाणी. डहाणूला मी मुलांना दोन रेघा काढायला लावायचे, एक भरतीची, एक ओहोटीची. दोघींच्या मधल्या पट्ट्यात घरच्यांना विचारून नावं लिहायची, तिथे काय काय मिळतं त्याची. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आजीला विचारून तेवीस नावं आणली होती. बोय, निवटी, चिंबोरी, कालव, कोळंबी, शेवंड, जिताडा... काही नावं मला आजवर कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत. कागद पुरला नाही म्हणून शेवटची चार त्याने समासात उभी लिहिली.

ती वही माझ्याकडे आहे. पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन त्या गृहस्थांच्या घरी गेले आणि 'नुसता चिखल' त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवला, पहिल्यापासून समासातल्या शेवटच्या नावापर्यंत. तेवीस नावं वाचायला एक मिनिटही लागत नाही. ते काही बोलले नाहीत. निघताना त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. चतुर्थी होती. तीनला भरती, सव्वानऊला पाणी उतरणार. त्या रात्री सव्वानऊला मी गॅलरीत उभी राहिले.