पदरचा वेळ घालून

पैसा नाही, बक्षीस नाही, नावसुद्धा कुठे छापून येत नाही, आणि तरी माणसं तासन्‌तास काम करीत बसतात. असं सांगितलं की घरातली वडील मंडळी हमखास विचारतात, ‘‘मग करतात तरी कशाला?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्याकडे सासूबाईंनी तो विचारला तेव्हा मला एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून मैत्रिणींनो, आज जरा विस्तारानं लिहिते.

इंटरनेटवरून असंख्य अनोळखी माणसांकडून थोडं थोडं काम करून घ्यायचं आणि त्यातून एक मोठं काम उभं करायचं, या पद्धतीला ‘क्राउडसोर्सिंग’ असं नाव आहे. जेफ हाउ नावाच्या अमेरिकन पत्रकारानं २००६ साली ते रूढ केलं. नाव नवं, पण रीत जुनीच हो! उन्हाळ्यात एकीच्या गच्चीवर दहाजणी पोळपाट-लाटणी घेऊन जमायच्या आणि दुपार टळायच्या आत पाच किलोंचे पापड वाळत पडायचे, त्यातलंच हे. फरक इतकाच, की तिथे उद्या माझ्याही घरी तुम्ही येणार हे ठरलेलं असे. इथे पापड कोणाचे आणि लाटणारी कोण, एकमेकींना पत्ताच नसतो.

इंग्रजीतला सर्वांत मोठा कोश असाच तयार झाला. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली जाहीर आवाहन केलं : पुस्तकं वाचा, शब्द कोणत्या वाक्यात कसा वापरलाय ते चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवा. चिठ्ठ्यांचे ढीग आले. इडिथ टॉम्प्सन आणि तिची बहीण एलिझाबेथ या दोघींनी मिळून १५,००० अवतरणं पाठवली, आणि इडिथनं पुढे मुद्रितंही तपासली. कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडलं. आरंभी चिठ्ठ्या पाठवणारे कितीतरी जण तोवर वारले होते. म्हणजे फळ आपल्याला चाखायला मिळेल या आशेनं काही हे काम झालेलं नाही.

आता अलीकडचं उदाहरण बघा. २००७ च्या जुलैत इंग्लंडमधल्या काही खगोलशास्त्रज्ञांपुढे सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रं होती. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची प्रचंड वसाहत. त्यातली भोवऱ्यासारखी कोणती आणि गुळगुळीत अंड्यासारखी कोणती, हे निवडायचं होतं. त्या काळी संगणकाला हे नीट जमत नसे. माणसाचा डोळा मात्र तांदळातला खडा टिपावा तसा चटकन ओळखतो. केविन शाविन्स्की या विद्यार्थ्यानं आठवड्याभरात पन्नास हजार चित्रं पाहिली आणि हात टेकले. मग ‘गॅलक्सी झू’ या नावानं ती चित्रं सगळ्यांसाठी खुली केली. वर्षभरात जवळजवळ दीड लाख माणसांनी मिळून पाच कोटींवर निवाडे दिले! एकच चित्र पुष्कळ जणांना दाखवायचं आणि बहुतेकांचं मत पडेल ते धरायचं, अशी सोय असल्यानं एखाद्याची नजर चुकली तरी बिघडत नसे.

त्यांत हॅनी व्हान आर्केल ही नेदरलँड्समधली एक शाळामास्तरीण होती. (शिक्षिका म्हटल्यावर माझा जीव जरा जास्तच रमतो, हे ओघानं आलं.) एका दीर्घिकेशेजारी तिला रंगाचा एक विचित्र डाग दिसला. अशा हजार चित्रांमागे ‘असेल काहीतरी’ म्हणून आपण पुढे गेलो असतो. तिनं मात्र विचारलं, ‘‘हे काय आहे?’’ शास्त्रज्ञांनाही सांगता येईना! पुढे कळलं, की तो वायूचा अवाढव्य ढग आहे आणि शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशानं तो उजळला आहे. हबल दुर्बिणीनं त्याचा फोटो घेतला. आज तो ‘हॅनीज व्होरवर्प’ म्हणून ओळखला जातो. डच भाषेत ‘व्होरवर्प’ म्हणजे नुसती वस्तू, ‘हॅनीची वस्तू’!

मग ही माणसं कशासाठी हे करतात? शास्त्रज्ञांनी त्यांनाच विचारलं. सुमारे ११,००० जणांनी उत्तरं दिली. मुख्य कारण कोणतं, यावर शेकडा चाळीस जणांनी सांगितलं, की खऱ्या संशोधनाला आपला हातभार लागतो म्हणून. मजा येते, शिकायला मिळतं, आकाशाची ओढ आहे, चित्रं सुंदर आहेत, ही कारणं त्यामागून आली. मला यातलं ‘खऱ्या’ हे विशेषण महत्त्वाचं वाटतं. नुसता खेळ असता तर इतके टिकले नसते. आपण निवडलेलं कुठेतरी धरलं जातं, वाया जात नाही, ही जाणीव बाईमाणसाला किती हवीशी असते, ते दिवसातून तीनदा तीच भांडी विसळणारीला वेगळं सांगायला नको.

विकिपीडियाच्या बाबतीत मात्र गंमत आहे. तो ज्ञानकोश लिहिणाऱ्या १५१ जणांना ओडेड नोव्ह या संशोधकानं विचारलं होतं. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. दोन कारणं सर्वांत वर आली : मजा येते, आणि ज्ञान सर्वांना फुकट मिळावं असं वाटतं. पण कोण किती तास देतो हे ताडून पाहिलं तेव्हा दिसलं, की मजा येते म्हणणारे जास्त वेळ देतात. तत्त्व सांगणारे त्या प्रमाणात देतातच असं नाही. यात नवल ते काय? मंडळाच्या सभेत स्त्रीशिक्षणावर तावातावानं बोलणाऱ्या किती आणि सतरंज्या घालायला येणाऱ्या किती, हे आपण पाहतोच की!

आता पैशाची बाजू. तुम्ही म्हणाल, थोडे पैसे दिले तर आणखी जोमानं काम होईल. दरवेळी होत नाही. इस्राएलमधल्या हैफा शहरातली एक पाहणी आयांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. तिथल्या दहा पाळणाघरांत काही पालक मुलांना न्यायला उशिरा येत. त्यांतल्या सहा पाळणाघरांनी उशिरासाठी दंड सुरू केला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला! आधी ‘त्या बाई आपल्यासाठी ताटकळतात’ ही मनाला टोचणी होती. दंड आल्यावर ‘पैसे मोजलेत ना?’ असं झालं. आणि पुढे दंड काढून टाकला तरी टोचणी काही परत आली नाही. ग्नीझी आणि रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली हे प्रसिद्ध केलं. शेजारणीच्या आजारपणात आठ दिवस डबा पोचवणारीच्या हातावर शेवटी शंभराच्या नोटा ठेवून बघा, म्हणजे पटेल.

पण याचा अर्थ ‘बायकांनी फुकटच करावं, पुण्य लागतं’ असा कोणी काढू लागलं तर माझी तक्रार आहे. ज्यातून दुसरा पैसे मिळवतो त्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत. ॲमेझॉन कंपनीनं २००५ साली ‘मेकॅनिकल टर्क’ नावाचा बाजार उघडला. तिथे चित्रांना नावं देणं, मजकूर उतरवणं अशी बारीक कामं थोडक्या पैशांत करून मिळतात. नावच बोलकं आहे. १७७० साली व्हिएन्नात बुद्धिबळ खेळणारं एक यंत्र गाजलं होतं. त्याच्या पोटात खरा माणूस दडलेला असे! या बाजारात आपल्याकडचीही माणसं पुष्कळ आहेत. काम पसंत नाही म्हणून पैसे नाकारायची मुभा मात्र काम देणाऱ्याला असते.

आणखी एक प्रकार म्हणजे न सांगता करून घेतलेलं काम. पूर्वी संगणकावर ‘तुम्ही माणूसच आहात ना’ हे पटवण्यासाठी वाकड्यातिकड्या अक्षरांतले दोन शब्द ओळखायला लागायचे. त्यातला एक शब्द यंत्राला ठाऊक असे. दुसरा जुन्या वर्तमानपत्रातला, यंत्राला न लागलेला. आपण तो वाचून देत होतो आणि आपल्याला त्याची दादही नव्हती.

मोलाचं काम नीटपणे कसं करता येतं, याचं उदाहरण आपल्या मराठीतच आहे. यंत्राला मराठी बोलणं समजावं म्हणून लागणारे आवाज एरवी शहरातल्या शिकलेल्यांकडूनच घेतले जात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेड्यातली गरीब माणसं, शहरातली गरीब माणसं आणि कॉलेजचे विद्यार्थी अशा तिघांकडून मराठी वाचून घेतलं. छत्तीस जणांचं मिळून १०९ तासांचं बोलणं जमा झालं. गरिबांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड भरलं. हे वाचून मला फार बरं वाटलं.

इथे एक सावधगिरीची सूचना. ‘घरबसल्या टायपिंग करा, महिना अमुक हजार कमवा’ अशा निरोपांत आधी अनामत किंवा नोंदणीचे पैसे मागितले, तर तो फसवणुकीचा धंदा समजावा. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचे असेच पैसे गेले, आणि घरात बोलणी बसली ती वेगळीच. काम करणाऱ्यानं पैसे भरायचे, ही कुठली रीत?

राहता राहिला आपला, बायकांचा वाटा. तो फार थोडा आहे. २०११ सालच्या एका पाहणीत विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत बायका शेकड्याला नऊच्या आसपास निघाल्या. जो लिहितो त्याच्या आवडीचंच लिहिलं जाणार, हे उघड आहे. क्रिकेटच्या सामन्यांची पानं भरगच्च आणि नामवंत स्त्रियांची पानंच नाहीत, ही उणीव भरून काढायला २०१५ मध्ये ‘विमेन इन रेड’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत, पण पुष्कळसे दोन-चार ओळींचेच. गावची जत्रा, वाळवणाचे प्रकार, आजीच्या तोंडची भाजीपाल्याची नावं, हे ज्यांना ठाऊक आहे त्या आपण. आणि लिहिणाऱ्यांत आपण नाही. कारण सरळ आहे. पुरुषाच्या फावल्या वेळाला ‘छंद’ म्हणतात, बाईच्या फावल्या वेळात कोणीतरी चहा मागतं.

तेव्हा थोडक्या वेळात बसणारं काम निवडावं. ‘कॉमन व्हॉइस’ या २०१७ साली सुरू झालेल्या उपक्रमात मराठी वाक्यं मोबाइलवर वाचून द्यायची आणि दुसऱ्यांनी वाचलेली ऐकून बरोबर की चूक सांगायचं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो पाच वाक्यं होतात. आणि ज्यांना लिहिण्यावाचण्याचा कंटाळा, त्यांच्यासाठी पक्ष्यांची मोजणी आहे. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर ती चालते. भारत त्यात २०१३ पासून आहे. निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसतील ते पक्षी ओळखायचे, मोजायचे आणि नोंदवायचे. त्याला जंगलात जावं लागत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा बुलबुल, साळुंकी, कावळा, सगळे चालतात. चिमण्या दिसल्या तर त्यांची संख्याही लिहा, नुसतं ‘पुष्कळ’ असं लिहू नका.