हृद्रोग, शोक आणि देश : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाचा केसपेपर लिहिताना त्याच्या आई किंवा वडिलांना हाच विकार होता असे कळले, की मी 'कुलज' एवढे लिहून पुढील प्रश्नाकडे वळत असे. अनेक वर्षे हा शब्द मला पुरेसा वाटला. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाच्या पहिल्याच अध्यायात प्रकृतीचा विचार जातिप्रसक्ता, कुलप्रसक्ता, देशानुपातिनी, कालानुपातिनी, वयोऽनुपातिनी आणि प्रत्यात्मनियता अशा सहा अंगांनी करावयास सांगितले आहे. आपण, निदान मी तरी, पहिल्या दोहोंपाशीच थांबतो. असे थांबल्याने काय निसटते, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हृद्रोगाविषयीचे संशोधन वाचताना माझ्या ध्यानी आले.

त्या देशात कृष्णवर्णीय प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांना उच्च रक्तदाब आहे. तो त्यांना श्वेतवर्णीयांपेक्षा कमी वयात जडतो आणि हृदय, वृक्क व मेंदू यांवर त्याचे आघातही लवकर होतात. १९८५ साली तेथील आरोग्य खात्याच्या मंत्री मार्गारेट हेकलर यांनी अल्पसंख्याकांच्या आरोग्यावरील अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा हृद्रोग व पक्षाघात ही या विषमतेची प्रमुख कारणे म्हणून नोंदली गेली. याचे स्पष्टीकरण बराच काळ वंशात शोधले गेले. औषधविक्रेत्या बंधूंना आठवत असेल, २००५ साली 'बायडिल' या औषधास केवळ कृष्णवर्णीय रुग्णांच्या हृदय-अकार्यक्षमतेसाठी मान्यता मिळाली. त्यातील आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट आणि हायड्रॅलाझिन ही दोन्ही द्रव्ये जुनीच. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारली होती, तीत सारे रुग्ण कृष्णवर्णीयच होते. मग हे मिश्रण इतरांना कमी लागू पडते असे त्या चाचणीवरून कसे म्हणावे? लाभ खरा होता, पण त्यावर वंशाची मोहोर उमटविण्याचे प्रयोजन नव्हते.

वंशवादी स्पष्टीकरणाला खरे उत्तर १९९७ साली रिचर्ड कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि अमेरिका या तीन ठिकाणच्या, मूळ पश्चिम आफ्रिकी वंशाच्याच लोकांचा रक्तदाब त्यांनी एकाच पद्धतीने मोजला. उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि अमेरिकेत ३३ टक्के आढळले. मूळ वंश एक, देश निराळे. मीठ व मेद यांचा यात निश्चित वाटा आहे. पण देश म्हणजे केवळ आहार आणि हवापाणी नव्हे. माणसाला तेथे इतरांकडून कसे वागविले जाते, तेही देशातच येते.

डेव्हिड विल्यम्स या संशोधकाने १९९७ मध्ये यासाठी एक प्रश्नावली सिद्ध केली. तीत मारहाण किंवा दंगलीविषयी काही विचारलेले नाही. इतरांपेक्षा तुम्हाला कमी सौजन्याने वागवितात का? दुकानात वा उपाहारगृहात तुमच्याकडे दुर्लक्ष होते का? लोक तुम्हाला भ्यावे तसे वागतात का, तुम्ही अप्रामाणिक आहात असे गृहीत धरतात का? हे सारे क्षुल्लक वाटते खरे, पण रोज घडते. आणि ते घडण्याआधीच माणूस सावध होऊन बसलेला असतो. अतिचिंतनाने रसवह स्रोतसांची दुष्टी होते हे विमानस्थानातील वचन आपण परीक्षेपुरते पाठ केले. आधुनिक शास्त्र याच ठिकाणी 'ॲलोस्टॅटिक लोड' म्हणजे वारंवार सज्ज राहण्याने शरीरावर साचत जाणारा भार, अशी संज्ञा वापरते. ताणाची संप्रेरके सतत स्रवत राहतात आणि वाहिन्या आकुंचित राहतात. रात्री झोपेत रक्तदाब उतरावयास हवा, तोही कृष्णवर्णीय अमेरिकनांत तुलनेने कमी उतरतो असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये यास 'वेदरिंग' म्हटले. ऊन-पाऊस सोसून भिंत झिजावी तसे शरीर झिजणे. आपल्या भाषेत अकालजरा. त्यांच्या २००६ च्या अभ्यासात हा भार ३५ ते ६४ या वयात विशेष दिसला आणि गरिबीने त्याचा उलगडा झाला नाही. सर्वाधिक भार गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांवर आढळला, आणि त्याखालोखाल गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांवर. मला हे वाचून थांबावे लागले. शिक्षण आणि पैसा आला की भार उतरेल, हे माझे गृहीत होते.

शेर्मन जेम्स यांचे निरीक्षण याहून हृदयस्पर्शी आहे. नॉर्थ कॅरोलायनातील एका वृद्ध कृष्णवर्णीय शेतकऱ्याची मुलाखत त्यांनी घेतली. हा मनुष्य वाटेकरी म्हणून राबत राबत चाळिशीत स्वतःच्या ७५ एकरांचा धनी झाला, आणि पन्नाशी सरता सरता रक्तदाब, संधिविकार व जठरव्रण यांनी खंगला. लोककथेत जॉन हेन्री नावाचा मजूर वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकतो आणि हातोडा हाती असतानाच प्राण सोडतो. योगायोग असा, की या शेतकऱ्याचे नावही तेच होते. साधने तुटपुंजी असताना केवळ जिद्दीने परिस्थितीशी झुंजत राहण्याच्या वृत्तीस जेम्स यांनी १९८३ मध्ये 'जॉन हेन्रीइझम' हे नाव दिले. अशा वृत्तीबरोबर हलाखीही असेल तर रक्तदाब अधिक आढळतो, असे त्यांनी दाखविले. पुढील सर्वच अभ्यासांत हा संबंध सारखा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि सत्त्व प्रवर असलेला रुग्ण आपल्याला निर्धास्त करतो आणि आपण त्याला पथ्य सांगून मोकळे होतो, हे मला यातून खटकू लागले.

आता नात्यांविषयी. स्नेहसंबंध आयुष्य वाढवितात हे सामान्यतः खरे आहे. २०१० साली १४८ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातही तसेच दिसले. कृष्णवर्णीय समाजात चर्च, आजी-मावश्यांचा गोतावळा, शेजार यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे तगविली. पण जो इतरांना तगवितो, त्याच्यावर सर्वांचा भार येतो. आणि बहुधा ती स्त्री असते. शिवाय नाती तुटतातही. डेब्रा अंबरसन यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस आई, वडील, भावंड आणि अपत्यही श्वेतवर्णीयांच्या मानाने लवकर गमावतो. वातज हृद्रोगाच्या हेतूंमध्ये सूत्रस्थानात शोकाचे नाव सर्वांत आधी येते. ज्या समाजात माणसे अकाली जातात, तेथे प्रत्येक मृत्यू मागे राहिलेल्यांच्या हृदयात पुढील रोगाचा हेतू पेरून जातो.

मग चिकित्सा कोणती? याविषयी मला सर्वांत उद्बोधक वाटला तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला लॉस एंजेलिसचा प्रयोग. रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ केशकर्तनालयांतील ३१९ कृष्णवर्णीय पुरुष निवडले. हे लोक रुग्णालयाकडे सहसा फिरकत नाहीत, पण आपल्या नाभिकाकडे वर्षानुवर्षे जातात आणि त्याच्यापाशी मन मोकळे करतात. रुग्णालयाविषयीच्या त्यांच्या अविश्वासाला इतिहास आहे. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात फिरंगाने पीडित कृष्णवर्णीय पुरुषांना औषध असूनही उपचारावाचून ठेवून केवळ निरीक्षण केले गेले होते. काही दुकानांत नाभिकाने फक्त जीवनशैलीचा सल्ला दिला आणि डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. इतर दुकानांत प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः येत, रक्तदाब मोजत आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार औषध ठरवीत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९.३ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा २७ अंकांनी. वर्षाअखेरीस हे आकडे ७.२ आणि २८.६ होते.

येथे दोन्ही बाजूंनी घाई करू नये. आपुलकीच्या सल्ल्याने काही प्रमाणात उतार पडला, पण तो अपुरा होता. आणि औषधे तर त्या शहरात आधीपासून उपलब्ध होतीच; ती घेणाऱ्यापर्यंत पोहोचली, ती ओळखीच्या खुर्चीपाशी. सत्त्वावजय आणि युक्तिव्यपाश्रय यांना परस्परांपासून वेगळे काढता येत नाही, हे आपण व्याख्यानात सांगतो. तेथे त्यास आकडे लाभले. म्हणूनच मनाची चिकित्सा करतो म्हणून रुग्णाची चालू रक्तदाबाची गोळी बंद करणाऱ्या आपल्यातील काहींशी मी मुळीच सहमत नाही.

माझ्या केसपेपरवर 'कुलज' या शब्दापुढे आता तीन रेघा मोकळ्या असतात. गेल्या काही वर्षांत घरातले कोण गेले? घरात कोणाकोणाचे तुम्हाला पाहावे लागते? आणि कामाच्या ठिकाणी तुमच्याशी कसे बोलतात? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक रुग्ण प्रथम हसतात. उत्तर सहसा दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत मिळते, औषधाची पुडी हातात घेऊन दाराकडे वळताना.